बोटीवर व्यायाम नंतर, आधी झोप काढा

मागच्या अंकात संशोधन जहाजावरच्या कामाबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांचा रोख तब्येतीवर, म्हणून यावेळी फक्त तेच.

गोव्यात समुद्रविज्ञानात पीएचडी करतेय. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात पहिली क्रूझ आहे, जवळजवळ महिनाभराची. मला आंबोली घाटात सुद्धा गाडी लागते! घरचे म्हणतात जाऊच नकोस. काय करू ताई? (सावंतवाडी)

जा. खोटं कशाला सांगू, गाडी लागणाऱ्यांना बोट लागायची शक्यता जास्तच, आणि ऑगस्ट म्हणजे नैऋत्येचा वारा भरात, त्यात 'सिंधु साधना'सारखी 80 मीटर लांबीची बोट पण मस्त डोलते. पण बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो ओरडत असतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना तर समोर केबिनची भिंत जागच्या जागी दिसते, या भांडणात पोट ढवळतं. म्हणूनच मान खाली घालून बाटल्यांवर लेबलं लिहिताना सगळ्यात जास्त मळमळतं, त्यात लॅबमध्ये फॉर्मॅलिनचा वास असेल तर संपलंच. तेव्हा सगळी लेबलं बंदरात बोट उभी असतानाच लिहून टाक, हे मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते आणि प्रत्येक जण म्हणते की नंतर करते.

गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. अव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी असताना एकदा घेऊन बघ की आपल्याला किती गुंगी येते ते, कारण तशा अवस्थेत विंचजवळ, म्हणजे जड यंत्रं तारेने समुद्रात सोडणाऱ्या-ओढणाऱ्या मशीनजवळ, उभं राहायचं नाही. जेव्हा लागेल तेव्हा बोटीच्या मधल्या भागात खालच्या डेकवर आडवी हो, तिथे हालचाल सगळ्यात कमी असते. नाहीतर परवानगी घेऊन बाहेर मोकळ्या हवेत ये आणि क्षितिजाकडे बघत राहा. पोट रिकामं ठेवू नकोस, चुरमुरे, खाकरा, सुकी पोळी असं थोडं थोडं खात राहायचं. आलेपाकाने काहींना बरं वाटतं, सोबत असू दे. उलट्या झाल्या तर ओआरएस घोट घोट, आणि पाणी सुद्धा टिकत नसेल तर लाजत न बसता लगेच सांग. आणि परत आल्यावर एक-दोन दिवस बाथरूममधली फरशी हलल्यासारखी वाटेल, घाबरू नकोस.

बोटीवर जिम असते का? 40 दिवसांत सगळी बॉडी जाईल अशी भीती वाटतेय. (पुणे)

असते बहुतेक ठिकाणी, म्हणजे एक छोटी खोली, त्यात सायकल, डंबेल्स, कधी ट्रेडमिल. समुद्र खवळलेला असेल तर ट्रेडमिलच्या नादी लागू नकोस, बोट एका बाजूला कलली की पट्टा एकीकडे आणि तू दुसरीकडे. बसून चालवायची सायकल बरी, रबरी बँड घरून आण, वजनाला काहीच नाहीत. डंबेल वापरून झालं की जागेवर अडकवायचं, रात्री ते गडगडत कोणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. डेकवर चालायचं तर ब्रिजला, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, विचारून, विंच चालू असताना नाही, आणि रात्री एकट्याने तर मुळीच नाही.

पण मित्रा, वजन वाढतं ते जिम नसल्यामुळे नाही, मेसमुळे. चार वेळा ठरल्या टायमाला समोर ताट येतं, संध्याकाळी चहाबरोबर भजी, वर कंटाळा. आणि दिवसभर तोल सांभाळून पोटऱ्या आणि कंबर अशी काही भरून येते की वेगळ्या लेग डेची गरज नाही. माझं प्रामाणिक मत विचारशील तर व्यायाम वीस मिनिटं पुरे, बाकीचा वेळ झोपेला दे. तिथे लोक बहुतेक आजारी पडतात आणि हात-पाय आपटून घेतात ते झोप मोडल्यामुळे.

मला 12 ते 4 ची वॉच, म्हणजे कामाची पाळी, मिळालीय, दुपारी पण आणि रात्री पण. झोपायचं कधी? (रत्नागिरी)

हा खरा प्रश्न! पहाटे 4 ला सुटलात की गप्पा, चहा, वायफाय काही नको, थेट बंक. बाहेर अजून अंधार असतो, त्याचा फायदा घ्या, पोर्टहोल झाका, इअरप्लग घाला, अकरापर्यंत झोप मिळते. मधे नाश्त्याला उठला नाहीत तरी चालेल, मेसवाल्याला सांगून प्लेट झाकून ठेवता येते. बोट डोलत असेल तर गादीच्या बाहेरच्या कडेखाली घडी केलेली चादर किंवा जाड जॅकेट सारा, म्हणजे गादी भिंतीकडे कलते आणि तुम्ही खोबणीत बसल्यासारखे पडून राहता, रात्रभर घरंगळायला होत नाही. फक्त लाइफजॅकेट त्याच्यासाठी वापरू नका, ते हाताशी मोकळंच पाहिजे.

आणि काम सुरू असताना मोकळा वेळ दिसला की डुलकी काढा. सीटीडी, म्हणजे पाण्याचं तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र, साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली जातं. 3000 मीटरला पोचायला 50 मिनिटं, वर यायला त्याहून जास्त कारण त्याला लावलेल्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या बंद करायला मधे थांबावं लागतं. स्क्रीनवर एकाची पाळी असली की बाकीचे वाट बघत उगाच उभे असतात, पाळ्या लावून घ्या.

मुलगा महिनाभर बोटीवर असतो, शाकाहारी आहे. खाण्याचे हाल होत असतील का? (सातारा)

नाही हो काकू! शाकाहारी जेवण असतंच. पालेभाजी मात्र पहिल्या आठवड्यानंतर दिसत नाही, मग कोबी, भोपळा, बटाटा, फ्रोझन मटार आणि डाळी. मोड आणायला मटकी-मूग दिलेत तर उत्तम. मेतकूट आणि चटणी प्लास्टिकच्या डब्यात द्या, काचेची बरणी नको. पाणी समुद्राचंच गोडं करून वापरतात, त्याची काळजी नाही, पण एसीत तहान लागत नाही म्हणून पोरं पाणी पीत नाहीत, फोनवर तेवढं विचारत जा.

वय 52, बीपीची गोळी चालू आहे. टेक्निशियन म्हणून बोटीवर जाऊ का? (ठाणे)

जाण्याआधी मेडिकल होतंच, तिथे गोळी लपवू नका. बोटीवर डॉक्टर आहे का हे आधी विचारून घ्या. तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात जहाजावर 100 किंवा जास्त माणसं असतील तर डॉक्टर लागतोच, पण संशोधन जहाजावर माणसं सहसा त्याहून कमी असतात. डॉक्टर नसेल तर प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी किनाऱ्यावरच्या डॉक्टरांशी बोलून औषध देतो. गोळ्या दिवसांच्या दुप्पट घ्या, दोन वेगळ्या बॅगांत. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उलट्या झाल्यावर ती घ्यायची की नाही हे आत्ताच लिहून घ्या. आणि दात दाखवून या, दुखणारी दाढ घेऊन कोणी चढू नये.