लेकीला पायलट व्हायचंय, पण ही नोकरी टिकेल का?

प्रश्न : मी एसटीत चालक आहे, सांगली जिल्ह्यात. नोकरीची आठ वर्षं राहिली. मुलगी बारावी सायन्सला ८४ टक्क्यांनी पास झाली, गणित-फिजिक्स दोन्ही आहेत. तिला पायलट व्हायचंय. दीड एकर रान विकावं आणि वर ५० लाखांचं कर्ज काढावं, असा विचार चाललाय. साडू म्हणतात, कॅप्टनला महिन्याला आठ-दहा लाख मिळतात, कर्ज दोन वर्षांत फिटेल. पण आमच्या २०२१ च्या संपात पाच महिने घरात पगार आला नव्हता, त्यामुळे मला धास्ती वाटते. ही नोकरी टिकते का? त्यांची युनियन असते का, आणि कंपनी तिचं ऐकते का?

उत्तर :

नमस्कार दादा,

पायलट व्हायला निघालेल्या मुलांचे पालक मला फी विचारतात, कॉलेज विचारतात. युनियनचं विचारणारे तुम्ही पहिलेच. संप बघितलेला माणूसच हे विचारू शकतो.

आधी साडूंचा हिशोब. आकडा खोटा नाही, मोठ्या विमानावरचा अनुभवी कॅप्टन तेवढं कमावतो. पण तुमची मुलगी आधी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होणार. तिथली सुरुवात कंपनीगणिक वेगळी असली तरी लाख-दीड लाखाच्या आसपास धरून चाला. ५० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता बसतो सुमारे ६९ हजार. कॅप्टन व्हायला आधी १,५०० तास उडवल्यावर मिळणारं एटीपीएल हे वरचं लायसन लागतं आणि मग जागा निघावी लागते. दोन वर्षांत कर्ज फिटणार नाही.

आता पगार कसा बनतो ते बघा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला त्याच्या दोन स्लिपा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. पहिल्या स्लिपेत बेसिक लहानसं, आणि त्याखाली ‘फ्लाइंग अलाउन्स’ची ओळ त्याच्या कितीतरी पट. दुसरी स्लिप लॉकडाउनमधली. त्यात ती ओळ जवळजवळ कोरीच. तो म्हणाला, “सर, माझा पगार माझा नाही, विमानाचा आहे. ते उडालं तर मला मिळतो.”

म्हणून कंपन्या महिन्याला ठरावीक तासांची हमी देतात : कमी उडालात तरी इतक्या तासांचे पैसे मिळतील. वैमानिकाची खरी सुरक्षा या हमीत असते आणि भांडणंही तिच्यावरूनच होतात. एअर इंडियात करोनाआधी ती ७० तासांची होती, करोनात २० वर आली. टाटांनी कंपनी घेतल्यावर एप्रिल २०२३ मध्ये नवा पगार जाहीर झाला, त्यात ४० तास. इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या दोन्ही जुन्या संघटनांनी सभासदांना नव्या करारावर सह्या करू नका म्हणून सांगितलं. कंपनीने या संघटनांना आमची मान्यताच नाही, अशी भूमिका घेतली. शेवटी बहुतेकांनी सह्या केल्या.

याच गिल्डने २०१२ साली ५८ दिवस काम बंद ठेवलं होतं. कारण? नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग आम्हालाच द्या, एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांना नको. म्हणजे भांडण निम्मं कंपनीशी आणि निम्मं बाजूच्या खुर्चीतल्या वैमानिकाशी. कंपनीने शंभरावर लोकांना काढून टाकलं आणि संप दिल्ली हायकोर्टात जाऊन संपला. एकाच आगारात दोन संघटना असल्या की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती जेट एअरवेजची गोष्ट. २००९ मध्ये तिथल्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड काढलं, तेव्हा कंपनीने दोघांना घरी पाठवलं. लगेच शेकडो वैमानिक ‘आजारी’ पडले. पाच दिवस उड्डाणं कोलमडली आणि काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. केवढी ताकद! दहा वर्षांनी त्याच गिल्डच्या सभासदांचे पगार महिनोनमहिने थकले. संपाचे इशारे दिले, पण उडवायला विमानंच राहिली नव्हती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघालं आणि कारभार थांबला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करायचा आदेश दिला. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तुमच्या संपात पगार थांबला, पण महामंडळ जागेवर होतं. इथे जिच्याशी भांडायचं ती कंपनीच राहत नाही.

आणि नवीन कंपनीत गेलं की ज्येष्ठता सोबत येत नाही. शिवाय बोइंग ७३७ चालवणाऱ्याला एअरबस ए३२० हातात मिळत नाही, नवीन टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग करावं लागतं. जेटच्या बोइंगवाल्यांना म्हणूनच स्पाइसजेट जवळची वाटली, तिच्याकडे तीच विमानं होती. तुम्ही परिवर्तनवरून शिवशाहीवर गेलात तर पुन्हा पंधरा-वीस लाख भरून शिकायला लागत नाही. इथे लागतं.

मग युनियनचा उपयोगच नाही का? आहे, पण पगारापेक्षा विश्रांतीच्या बाबतीत जास्त दिसला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्यातून ड्युटीचे नवे नियम लागू झाले : आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. १ नोव्हेंबर २०२५ पासून दुसरा टप्पा लागला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या हिशोबाने वैमानिक पुरेनात. सरकारने काही काळासाठी इंडिगोला सवलत दिली, तो भाग वेगळा. पण मुक्कामी गाडी करून पहाटे परत स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला या ४८ तासांची किंमत कळेल.

अमेरिकेत चित्र निराळं आहे. तिथल्या डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मार्च २०२३ मध्ये संघटनेमार्फत चार वर्षांचा करार केला, ३४ टक्के वाढ. तुमच्या वेतन करारासारखाच. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांत असा सामूहिक करार नसतो, प्रत्येकाच्या हातात आपलं नेमणूकपत्र. वर नोकरी सोडायची तर डीजीसीए या सरकारी विमान खात्याच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटिशीची मुदत न भरताच निघून गेले, तेव्हा कंपनी कोर्टात गेली.

आता तुमचं. रान आज विकू नका. आधी मुलीची डीजीसीएची क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या, याला काही हजारच लागतात. चष्मा असला म्हणून अडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर सगळाच बेत फिरतो, आणि तो दीड एकर गेल्यावर कळू नये. दुसरं, तिला पत्राद्वारे किंवा जमेल तशी पदवी सुरू ठेवू द्या. लायसन मेडिकलवर टिकतं, मेडिकल गेलं की नोकरी गेली. लागल्यावर ‘लॉस ऑफ लायसन’चा विमा पहिल्या महिन्यातच घ्यायला सांगा.

तिसरं, २०० तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं पहिलं लायसन, म्हणजे नोकरी नव्हे. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, त्यातले बरेचजण टाइप रेटिंगचे पैसे आणि जागा यांची वाट बघत बसले. म्हणून ५० लाख कर्ज काढायचंच असेल तर ते टाइप रेटिंग धरून काढा, आणि नोकरी लागेपर्यंतच्या वर्ष-दीड वर्षाचे हप्ते बाजूला ठेवा. फ्लाइंग स्कूल निवडताना धुळे, बारामती, गोंदिया कुठेही जा, पण स्वतः उभे राहून बघा : हँगरमध्ये किती विमानं उभी आहेत आणि आकाशात किती आहेत. गाडी रस्त्यावर आहे की वर्कशॉपला, हे तुमच्याइतकं कोण ओळखणार?

मेडिकलचा निकाल आला की मला कळवा आणि बँकेने दिलेलं कर्जाचं पत्रकही पाठवा. हप्ता कधीपासून सुरू होतो, ते त्यात बारीक अक्षरात असतं. सही करण्याआधी आपण ते एकत्र वाचू.