एमआरआयमध्ये मानेची गादी फुगलेली आहे, हाताला मुंग्या येतात आणि खांदाही उचलत नाही. दुखणं मानेचं की खांद्याचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: बाबा ५६ वर्षांचे, देवगडजवळ कलमांची बाग, शुगर आहे. आंबा उतरवायला लागल्यापासून उजव्या खांद्यामागून दंडात आणि तिथून मधल्या बोटापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. रिपोर्टमध्ये सी५-६ आणि सी६-७ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे गादी फुगलेली, सी६-७ ला उजवीकडचं फोरामेन (शीर बाहेर पडायचं छिद्र) मध्यम अरुंद, कॉर्ड म्हणजे मज्जारज्जू नॉर्मल. एक डॉक्टर ऑपरेशन सुचवतात, दुसरे म्हणतात खांदा आखडलाय.

मला यात दोन दुखणी एकत्र असण्याची शक्यता जास्त वाटते. ती वेगळी काढायला रिपोर्टपेक्षा बाबांचं बोट जास्त उपयोगाचं आहे.

मानेत मणके सात, पण शिरांच्या (मज्जातंतूंच्या) जोड्या आठ. म्हणून सी६ आणि सी७ या दोन मणक्यांमधून बाहेर पडते ती सी७ ची शीर. ती मधल्या बोटाकडे जाते आणि कोपर सरळ करणाऱ्या, दंडामागच्या स्नायूला ताकद देते. तिच्या वरची सी६ अंगठा आणि तर्जनीकडे, खालची सी८ करंगळीकडे. बाबांचं मधलं बोट आणि उजवीकडचं अरुंद फोरामेन जुळतंय, म्हणजे रिपोर्टमधली ती एक ओळ खरी कामाची. सी५-६ चा बल्ज मात्र त्यांच्या तक्रारीशी जुळत नाही, तो सध्या बाजूला ठेवा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय पाहिले होते. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत डिस्क बल्ज होता. अशा रिपोर्टमध्ये दिसणारे आणखी शब्द: ‘डेसिकेशन’ म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं, ‘ऑस्टिओफाइट’ म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ म्हणजे मानेचा बाक सरळ होणं, जे नुसतं आखडून झोपल्यानेही दिसतं. या शब्दांनी घाबरू नका.

एक गोष्ट रिपोर्ट सांगत नाही. एमआरआय उताणं झोपवून, मान सरळ ठेवून काढतात. बाबांना त्रास होतो तो झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) हातात धरून तासन्तास वर बघताना. मान मागे गेली की शीर बाहेर पडायचं छिद्र आणखी आवळतं, त्यात डोकं उजवीकडे कललं तर जास्तच. म्हणून फिल्ममध्ये ‘मध्यम’ दिसणारं छिद्र झाडाखाली बरंच जास्त त्रास देतं.

आता घरी तपासा. बाबांना खुर्चीवर बसवा, दंड अंगाला टेकलेला, कोपर काटकोनात. दार उघडल्यासारखा हाताचा पंजा हळूच बाहेर न्या, तुम्ही स्वतः. डाव्या बाजूला बराच जातो आणि उजव्या बाजूला मध्येच कडक अडतो, तर सांधाच आखडलाय, म्हणजे फ्रोझन शोल्डर. शुगर असलेल्यांत तो खूप दिसतो आणि मानेच्या उपचाराने सुटत नाही. याउलट, तुम्ही हात उचललात तर वर जातो पण त्यांना स्वतःहून उचलता येत नाही, तर खांद्याची दोरी (स्नायू हाडाला बांधणारा स्नायूबंध) फाटली असेल किंवा शीर कमजोर झाली असेल. तेव्हा खांद्याची सोनोग्राफी लागते. नुसतं आखडलेलं वाटलं तरी खांद्याचा एक साधा एक्स-रे काढून घ्या, सांध्याची झीजही असाच हात अडवते.

मग शिरेची ताकद. दंड अंगालाच टेकलेला ठेवून, कोपर वाकवून, तुमच्या हातावर त्यांना कोपर सरळ करत जोरात ढकलायला सांगा. दोन्ही बाजू तुलना करा. उजवा हात सहज हरत असेल तर आठवड्याच्या आत मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. हात डोक्यावर ठेवल्यावर कळ ओसरणं ही मानेच्या शिरेची चांगली खूण आहे, पण खांदा आखडलेला असताना हात तिथे पोचतच नाही, त्यामुळे बाबांच्या बाबतीत तिच्यावर निकाल लावू नका.

ताकद शाबूत असेल तर ऑपरेशनची घाई नको. असं दुखणं बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं. तोवर झेला दुसऱ्याच्या हातात द्या, बाबांनी खाली बसून आंबे निवडावेत, पण मान खाली घालून नाही, टोपली टेबलावर घेऊन. कॉलर (मानेचा पट्टा) लावलाच तर मऊ, आणि आठवडा-दोन आठवड्यांपुरता. झोपताना डाव्या कुशीवर, उशी कान आणि खांद्यामधली जागा भरेल एवढीच जाड, उजव्या हाताखाली दुसरी उशी. हनुवटी सरळ मागे खेचून ५ सेकंद धरायची, १० वेळा, दिवसातून तीनदा. कळ बोटातून वर दंडाकडे सरकली तर व्यायाम बरोबर चाललाय, खाली हाताकडे उतरली तर थांबवा. खांद्यासाठी वाकून हात लोंबता सोडून हलके झोके.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. स्टेरॉइड, गोळी असो वा इंजेक्शन, शुगर वाढवतं, त्यामुळे देणाऱ्याला शुगर आधी सांगा. प्रीगाबालिन या शिरेच्या दुखण्यावरच्या गोळीने झापड येते, ती घेऊन बाइकवर घाट उतरू देऊ नका. आणि सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद म्हणजे बंद. मेंदूला जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांतूनच जाते आणि झटक्याने ती फाटू शकते.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, मान वाकवल्यावर पाठीत करंट जाणं, ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं. तेव्हा वाट पाहायची नाही, त्याच दिवशी निघायचं. सोबत ताप किंवा वजन घटत असेल तर मणक्याचा टीबी वगळायला हवा. छातीत दडपण आणि घाम येऊन हात दुखला तर आधी ईसीजी.

दुसरं मत घ्यायला कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला जाल तेव्हा फक्त टाइप केलेला कागद नेऊ नका. फिल्म किंवा सीडी न्या, आणि ‘उजवीकडचं सी६-७ फोरामेन दाखवा’ असं सरळ म्हणा.