कायद्याचं विचारा: मुलगा अल्पवयीन, पोटात दारू, हातात स्कूटर

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे. मित्राच्या वाढदिवसाहून परतताना नाकाबंदीत सापडला. मशीनवर 42 आकडा आला. स्कूटर माझ्या नावावर आहे. जागेवर दंड भरून प्रकरण का मिटवता येत नाही? (एक पालक)

कारण दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा तडजोडीच्या यादीतच नाही. हेल्मेट, सिग्नल यांचा दंड चलनावर भरता येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 मात्र थेट न्यायालयात जातं. कोणी 'इथेच भरा, मिटवून टाकू' म्हणालं, तर तो दंड नव्हे, हे ओळखा.

मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण तुमच्या घरापुरतं बोलायचं, तर 42 हा आकडा दुय्यम आहे. तो शून्य आला असता, तरी मोठं कलम लागलंच असतं: 199-अ, म्हणजे अल्पवयीनाने केलेला गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. इथे 'किंवा' नाही, 'आणि' आहे. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, म्हणजे तुम्हालाही ती रस्त्यावर काढता येत नाही. मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. शिवाय, विनापरवाना चालवल्याबद्दल कलम 181 आणि त्याच्या हाती गाडी दिल्याबद्दल कलम 180 आहेच. दोन्हींत 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

'मला माहीतच नव्हतं' हा बचाव कायद्याने ठेवलेला आहे, पण तो सिद्ध करायचा तुम्ही. मुलाने गाडी तुमच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय आधी गृहीत धरतं. चावी कपाटात कुलूपबंद होती, ती न सांगता काढली, याआधी असं कधी घडलं नव्हतं, हे सगळं पुराव्यानिशी मांडावं लागतं. त्यात बहुतेकांचं घोडं ई-चलनावर अडतं. मालकाच्या मोबाइलवर सहा महिन्यांपूर्वीचं विनाहेल्मेटचं चलन पडलेलं असतं आणि सोबतच्या फोटोत मुलगाच हँडल धरून बसलेला असतो. ते चलन तुम्ही मुकाट भरलं असेल, तर अनभिज्ञतेचा दावा टिकणं फार अवघड.

आता प्रक्रिया. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलंच, तर बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. 185 सारख्या किरकोळ वर्गातल्या गुन्ह्यात एरवी स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार होतो आणि सुनावणीला कधी यायचं ते पालकांना कळवतात. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र न्या. ते नसेल, तरच पालिकेचा जन्मदाखला बघतात, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी. तुमच्यावरचा 199-अ चा खटला मात्र वेगळा, नेहमीच्या न्यायालयात चालतो. मंडळाने मुलाला समज देऊन सोडलं, म्हणजे तुम्हीही सुटलात, असं समजू नका.

प्रश्न: सोळाव्या वर्षी बिनगिअरचा परवाना मिळतो ना? मग मुलीने घरची स्कूटर चालवली तर बिघडलं कुठे?

परवाना मिळतो, पण 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, तोही पालकांच्या लेखी संमतीने. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर 100 सीसीच्या वरच्या आहेत. 199-अ मधली सूट 'ज्या वाहनाचा परवाना आहे, तेच वाहन' चालवणाऱ्यालाच लागू होते. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीने 110 सीसीची स्कूटर काढली, की खिशातला परवाना कामाचा नाही. परवान्याची गरज नसलेली इलेक्ट्रिक दुचाकी म्हणजे 250 वॉटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किमीच्या आतला वेग. वेगाचं लॉक काढून घेतलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

प्रश्न: फुंकर मारायला नकार दिला तर? आणि माउथवॉशमुळे आकडा येतो का?

नकाराने काही साधत नाही. दारूचा संशय असेल, तर नकार देणाऱ्याला पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात, रक्ताचा नमुना मागता येतो आणि योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम 205 नुसार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. उलट बाजूनेही एक अट आहे: 185 खाली अटक झाली, तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून नाकाबंदीची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही लिहून ठेवा.

माउथवॉशमधला अल्कोहोल तोंडात काही मिनिटं राहतो आणि तेवढ्यात फुंकलं, तर खोटा आकडा येऊ शकतो. पंधरा मिनिटं थांबून, नवी नळी लावून दुसऱ्यांदा फुंकण्याची विनंती करा. प्यायलेली दारू मात्र तासाला साधारण 15 मिलिग्रॅम याच गतीने उतरते. रात्री 120 वर असलेला माणूस 30 वर यायला सहा तास लागतात. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येते, आकडा उतरत नाही.

आपल्या कायद्यात अल्पवयीनांसाठी वेगळी, कमी मर्यादा नाही. अमेरिकेत 21 वर्षांखालील चालकांना 0.02 टक्के किंवा त्याहूनही कमी मर्यादा आहे. आपल्याकडे ती सर्वांना 0.03. ज्याला गाडीच चालवता येत नाही, त्याच्यासाठी वेगळा आकडा कशाला, असं म्हणता येईल. परवाना असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र ही उणीव आहेच.

प्रश्न: अपघातात कोणी दगावलं, तर सतरा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालतो का?

लोकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा प्रश्न फक्त 'हीनस' म्हणजे अतिगंभीर गुन्ह्यात येतो आणि त्यासाठी किमान शिक्षा 7 वर्षं असावी लागते. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, यात कमाल 5 वर्षं. सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लावलं, तरी त्यात किमान 7 वर्षांची अट नाही. जिथे कमाल शिक्षा सातहून जास्त पण किमान सात नाही, तो गुन्हा 'गंभीर' धरायचा, 'अतिगंभीर' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तेही दिल्लीतल्या एका अल्पवयीन कारचालकाच्याच प्रकरणात. मे 2024 च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातातही मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. निकाल रुचो न रुचो, कायद्याची आजची रचना ही आहे. मंडळ जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं.

प्रश्न: अशा वेळी विमा मिळतो का?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो, असंच धरून चाला. जखमीची भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणं अनेकदा देतात. ती रक्कम लाखांत जाते आणि वसुली घर-जमिनीपर्यंत पोहोचू शकते. 25,000 च्या दंडाची काळजी करणाऱ्यांनी हा आकडा आधी विचारात घ्यावा.

प्रश्न: मुलांना दारू देणाऱ्याचं काय?

बाल न्याय कायद्याचं कलम 77: अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे फक्त बारमालकापुरतं नाही. फार्महाउसवर बिअर आणून ठेवणारा मित्राचा काका किंवा 'आज वाढदिवस आहे, एक घे' म्हणणारा बापही त्यात येतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे बारने वय तपासलं नसेल, तर उत्पादन शुल्क विभागाकडे वेगळी तक्रार करता येते. तक्रारीसोबत बिल किंवा ऑनलाइन पैसे दिल्याचा तपशील जोडा. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा, कारण बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं.