जिजीची वाकळ आणि तुझा प्रश्न

प्रिय ईरा,

मंगळवारी गाडीत तू विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. रात्रीच्या जेवणाचं काहीतरी बोलले आणि विषय टाळला. तू खिडकीबाहेर बघत बसलीस. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. लागलं होतं.

तुमचा वर्ग हॉस्पिटलमधल्या मुलांसाठी गोधड्या शिवणार म्हणून मी हौसेनं जिजीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, इरकली लुगड्याचा तुकडा घेऊन आले. तिथल्या बाईंनी तो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, सुंदर आहे म्हणाल्या आणि परत दिला. फक्त नवं सुती कापड, तेही धुतलेलं, असा त्यांचा नियम आहे. आणि घरी येताना तू विचारलंस, "आई, जिजी गरीब होती म्हणून जुन्या कपड्यांचं पांघरूण शिवायची का? आणि दुसऱ्यांना जुनं द्यायला तिला कसंतरी वाटायचं नाही?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, गरीब होती. १९७२च्या दुष्काळात तिनं बार्शीबाहेर रस्त्याच्या कामावर खडी फोडली. रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची, असं ती सांगायची. त्या वर्षी शिवलेल्या वाकळेच्या, म्हणजे गोधडीच्या, पोटात पोत्याचं कापड होतं. मी त्या वाकळेवर झोपले आहे. टोचायची.

पण पुढे आबाकाका गिरणीत लागले, घरात दर महिन्याला पगार यायला लागला. सोलापूर जवळ, तिथली चादर सगळीकडे जाते, तशी आमच्याही घरी आली. जाड, फुलाफुलांची. जिजीनं ती पाहुण्यांसाठी ट्रंकेत ठेवली आणि आम्ही पोरं वाकळच ओढत राहिलो. म्हणजे नड संपली तरी तिचं शिवणं संपलं नाही. का संपलं नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. म्हणून पुढचं सगळं माझं आहे, तिचं नाही, हे लक्षात ठेवून वाच.

आपण सगळ्यालाच गोधडी म्हणतो, पण जिजीच्या तोंडी वाकळच होती. तुमच्या शाळेतल्या पांघरुणात दोन कापडांच्या मध्ये मऊ भरण असतं. वाकळेत तसं भरण नाही, कापूसही नाही. कापूस घातला की ती रजई, आणि ते पिंजाऱ्याचं काम. वाकळ म्हणजे कापडावर कापड, त्यावर पुन्हा कापड. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर असतं. ते मधे विरलं की जिजी विरलेला भाग कापून काढायची आणि दोन्ही टोकं जोडून पुन्हा नेसायची. त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलंही फाटलं की त्यातून दुपटी, मग उरलं ते वाकळेच्या आत, आणि वाकळेतूनही जे उरलं त्याचं पोतेरं. टाकून दिलेलं कापड मी त्या घरात पाहिलं नाही.

शिवायचं उन्हाळ्यात. सुगी आटोपलेली, पाऊस लांब. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. संध्याकाळी ऊन उतरलं की जिजी, आई, नंदाआत्या आणि शेजारच्या दोघी-तिघी माळवदावर जायच्या. खालचं कापड अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, नाहीतर वाऱ्यानं उडायचं. त्यावर थर लावायचे, सुरकुती काढायची, मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग प्रत्येकीनं एक बाजू धरायची आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी छोटा चौकोन. गप्पा मारत मारत बायका एकमेकींच्या जवळ सरकत जायच्या. शेवटी मधे एवढीशी जागा उरायची, की सगळ्यांचे गुडघे एकमेकींना लागायचे.

माझं काम सुया ओवायचं. जिजीला जवळचं दिसत नव्हतं. "पोरी, ओव गं," म्हणून ती सुई पुढे करायची, की मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ओवून द्यायची. एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा. मला कंटाळा यायचा, ईरा. चुलतभाऊ खाली गल्लीत क्रिकेट खेळायचे आणि मी वर सुया ओवायची. त्यांना कुणी का बोलावत नाही, हे मी एकदा विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या. तो राग अजून माझ्यात आहे. म्हणून तुला कधी शिवायला बस म्हणाले नाही. तुझ्या दादाला म्हणाले नाही आणि तुला म्हटलं, तर त्याच माळवदावर परत गेल्यासारखं होईल.

मधली जागा शिवून बंद करण्याआधी जिजी बोटभर भाकरीचा तुकडा आणायची आणि थरांमध्ये ठेवायची. उपाशी वाकळ पांघरू नये, म्हणायची. मग टाका घालून तोंड बंद. पहिल्याच धुण्यात त्या भाकरीचं काही उरत नसणार, हे तिलाही माहीत असणार. पण ठेवल्याशिवाय तिनं एकही वाकळ पुरी केली नाही. याचा अर्थ काय म्हणून विचारशील तर मला सांगता येणार नाही. मला फक्त तिचा हात आठवतो, थराखाली मनगटापर्यंत गेलेला.

आता तुझा दुसरा प्रश्न. मला खरा लागला तो हाच.

१९९३ साली मी तुझ्याएवढी होते. गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपले होते. ३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी. भांड्यांच्या आवाजानं मला जाग आली. फळीवरचे डबे एकमेकांवर आपटत होते. बाबांनी मला वाकळेसकट उचलून अंगणात नेलं. भूकंपात आमच्याकडे एवढंच झालं. शंभरावर किलोमीटर लांब, किल्लारी आणि सास्तूरकडची गावंच्या गावं पडली. आठ-दहा हजार माणसं गेली. तिकडची घरंही आमच्यासारखीच होती, दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं ओझं. थंड राहतात म्हणून ज्यांचं आम्हाला कौतुक होतं, त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्या दिवसापासून आई माळवदाकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली.

दोन दिवसांत गल्लीत वर्गणी सुरू झाली. कुणी धान्य दिलं, कुणी भांडी. जिजी म्हणाली, वाकळा शिवू, थंडी येतेय. पितृपक्ष लागला होता. या पंधरवड्यात नवं काम हाती घेत नाहीत, असं शेजारणीनं सुचवलं. जिजी म्हणाली, "पितरांचंच काम हाय हे," आणि दगड उचलून आणले. या वेळी माळवदावर कुणी गेलं नाही. अंगणात बसल्या.

आणि जिजीनं तिचं चांगलं इरकली लुगडं काढलं. काळसर निळं, लाल पदराचं, सणाला नेसायचं. फाटलेलं नव्हतं. ते मी मोठी झाल्यावर मला मिळणार, असं मी मनात धरलं होतं, तसं कुणी कबूल केलं नसलं तरी. तिनं त्याचे तुकडे केले आणि वाकळांच्या वरच्या थराला लावले. आत जुनंच होतं. आजोबांची धोतरं, माझे परकर, आईची पातळं. पण अंगाला लागेल, डोळ्यांना दिसेल, ते चांगलं. चार वाकळा झाल्या. प्रत्येकीत भाकरीचा तुकडा गेला. लुगड्याचा जो पट्टा उरला तो रडणाऱ्या नातीला मिळाला. तोच मी मंगळवारी तुझ्या शाळेत घेऊन आले होते.

इथवर लिहिलं की वाटतं, झालं, जिंकले मी. तिला कसंतरी वाटायचं नाही, कारण तिनं चांगलं दिलं होतं. पण आबाकाका ट्रकबरोबर किल्लारीला गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं तेही तुला सांगायला हवं. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते म्हणे, लोकांनी पाठवलेले. फाटके, बटणं तुटलेले. तिथली माणसं त्याला हात लावत नव्हती. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी आमच्या चिंध्या का घालाव्यात? जिजी ऐकत होती. काही बोलली नाही. आमच्या वाकळा कुणी पांघरल्या की त्याही त्या ढिगात गेल्या, हे आबाकाकांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मला हे अजून रात्री कधीकधी आठवतं.

जिजीनं लग्नानंतर पंढरपुरात गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. अंगावर चिंध्या जोडलेलं पांघरूण, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. जुन्याची लाज कसली, बाबा काय नेसत होते, असं ती आम्हाला ऐकवायची. खूप वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की बाबांनी चिंध्या स्वतःच्या अंगावर ठेवल्या आणि दुसऱ्यांसाठी पंढरपुरात, नाशकात, आळंदीत पक्क्या धर्मशाळा बांधल्या. स्वतःला जुनं, दुसऱ्याला नवं. म्हणजे तुझा प्रश्न बाबांच्या बाजूचाच झाला. जिजीला हे सांगितलं असतं तर तिनं काय उत्तर दिलं असतं? दिलंच असतं काहीतरी, ती गप्प बसणारी नव्हती.

लाज मला वाटली होती, हेही सांगून टाकते. पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा जिजीनं ट्रंकेत वाकळ घातली. खोलीतल्या बाकीच्या मुलींकडे दुकानातली ब्लँकेटं. मी वाकळ गादीच्या खाली सारली आणि पहिल्या महिन्याच्या पैशातून एक लोकरी ब्लँकेट आणलं. दिवाळीला घरी गेल्यावर जिजीनं विचारलं, थंडी वाजत नाही ना? मी म्हणाले, तुझी वाकळ आहे ना. पुढे ती गेली, आणि इकडे कॅनडात यायच्या वेळी २३ किलोच्या बॅगेतले चार किलो मी त्याच वाकळेला दिले. तुझा बाबा म्हणत होता, तिथे उणे तीसमध्ये हिचा काय उपयोग. उपयोग नाहीच. तू तापात असताना मागतेस, तेवढाच.

शेजारच्या आजींना परवा मी तुझा प्रश्न सांगितला. त्यांनी कपाटातून त्यांच्या आईची गोधडी काढून दाखवली, पिठाच्या पोत्यांच्या कापडाची, १९३०च्या मंदीतली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी रेड क्रॉसमार्फत ब्रिटनला लाखो गोधड्या पाठवल्या, बॉम्बहल्ल्यात घरं गेलेल्यांसाठी. कितीतरी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या, कोटांच्या कापडाच्या. आणि या विनिपेगमध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या बायका अजूनही एकत्र बसून पांघरुणं करतात, परदेशात निर्वासितांसाठी पाठवतात. त्यांच्याकडे बऱ्याचदा धावदोराही नसतो, थरांमधून लोकर ओवून जागोजागी गाठी मारतात. आजी म्हणाल्या, ये एकदा बघायला. हे मी आपली बाजू भक्कम करायला सांगत नाहीये. म्हणजे, थोडं सांगतेयही.

पण शाळेचा नियम मला पटला आहे. हॉस्पिटलमधल्या मुलांना कुठल्या कापडातून काय बाधेल सांगता येत नाही, आणि जुनं कापड गरम पाण्यात वारंवार धुतलं तर टिकणारही नाही. त्या बाईंनी मला अगदी नीट, हळुवारपणे नाही म्हटलं. मीच कानकोंडी झाले, कारण तो पट्टा देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत होतं. १९९३मध्ये रडून माझ्याकडे ठेवून घेतला, त्याचं कुठंतरी ओझं आहे.

तू तुझी गोधडी शीव किंवा नको शिवू. वर्गात दुसरी कामंही आहेत, रंग जुळवायचं आहे, पत्र लिहायचं आहे. दादालाही मी विचारलंय, तो "बघू" म्हणाला. शुक्रवारी कापड आणायला जाऊ, नवं, सुती, तुला आवडेल त्या रंगाचं. तुला हवं असेल तर मी तुला धावदोरा दाखवीन. इथल्यासारखा बारीक मला जमत नाही, जिजीचाच येतो, तांदळाएवढा.

एवढंच कर. येताना माझ्याशेजारी बस. गेल्या वर्षापासून मला जवळचं नीट दिसत नाही, सुई तुला ओवून द्यावी लागेल.

तुझी,
आई