मनगटावरच्या नाडी-सेन्सरसाठी कोणता फिल्टर सर्वांत चांगला?

धावताना मनगटावरच्या नाडी-सेन्सरचा सिग्नल बिघडतो, तर बँडपास (ठरावीक वारंवारितांनाच पुढे जाऊ देणारा), एलएमएस (संदर्भ सिग्नलशी जुळणारा भाग स्वतःला जुळवत वजा करणारा) आणि कालमन (अंदाज आणि मोजमाप यांची सांगड घालणारा) यांपैकी कोणता फिल्टर वापरावा, असे आपण विचारले आहे. जवळजवळ याच शब्दांतला प्रश्न मी काही वर्षांपूर्वी एका बैठकीत ऐकला होता आणि तेव्हा माझे उत्तर कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतले नव्हते. फिल्टरचा विचार सर्वांत शेवटी करावा, हे माझे तेव्हाचे मत आजही कायम आहे.

आमच्या प्रोटोटाइपमध्ये हिरवा एलईडी, त्याच्या शेजारी त्वचेतून परतणारा प्रकाश मोजणारा फोटोडायोड आणि सेकंदाला ३३ नमुने (मोजमापे) घेणारे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले सॉफ्टवेअर, होते. गटप्रमुखांनी ०.५ ते ४ हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला ३० ते २४० ठोक्यांचा, बँडपास फिल्टर स्वतः लिहिला होता आणि त्यातून येणाऱ्या गुळगुळीत तरंगावर त्यांचा फार जीव होता. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साठच्या आसपास दिसे, ती अधूनमधून ५८ किंवा ६३ होई, आणि त्या चढउतारालाच ते जिवंतपणाची खूण म्हणत. छातीला बांधायच्या नाडी-पट्ट्यावर मात्र त्याच माणसाचे ७८ ठोके येत होते. पट्टाच चुकीचा असणार, असे ठरले.

एका संध्याकाळी मी तो सेन्सर टॉवेलच्या गुंडाळीवर सैलसर बांधून टेबलावर ठेवला. टॉवेलची नाडी ६१ आली. खोलीतला दिवा बंद केल्यावर ती नाहीशी झाली आणि लावल्यावर परत आली.

५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला ३३ नमुने घेतले की ३३ ची तिप्पट ९९ होते, १०० मधून ते वजा जाऊन १ हर्ट्झ उरतो, आणि १ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला बरोबर ६० ठोके. विजेची वारंवारिता ०.०५ हर्ट्झने सरकली की दिव्याची ०.१ ने सरकते आणि पडद्यावरचा आकडा सहाने बदलतो. आम्ही ज्याला जिवंतपणा समजत होतो तो हा होता. अलायसिंग, म्हणजे नमुने कमी पडल्याने वेगवान लुकलुक संथ भासणे, एकदा झाले की नंतरचा कोणताही डिजिटल फिल्टर तो खोटा १ हर्ट्झ खऱ्या नाडीपासून वेगळा करू शकत नाही, कारण तो फिल्टर पुढे जाऊ देतो त्या वारंवारितांतच येऊन बसलेला असतो. मी हे दाखवले तेव्हा गटप्रमुख म्हणाले, “टॉवेल हा आपला ग्राहक नाही.”

मनगटावर फोटोडायोडकडे परतणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे बाहेरचा प्रकाश आणि पट्ट्याची हालचाल त्याला सहज गिळून टाकतात. म्हणून एलईडी पेटलेला असतानाचा नमुना आणि लगेच, काही शे मायक्रोसेकंदांत, एलईडी बंद असतानाचा नमुना घेऊन दोहोंची वजाबाकी करावी. तेवढ्या वेळात दिव्याच्या प्रकाशात फारसा फरक पडत नाही. एलईडी आणि फोटोडायोड यांच्यामध्ये काळी भिंत ठेवावी, नाहीतर काचेतूनच सरळ पलीकडे जाणारा प्रकाश त्वचेत न शिरताच मोजला जातो. एलईडीच्या धक्क्यांचा प्रवाह आणि अॅम्प्लिफायरचा पुरवठा वेगळे ठेवावेत. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोट-दोन बोटे वर, सरकणार नाही इतका घट्ट बांधावा. मात्र फार आवळला तर रक्तवाहिन्याच दबतात आणि तरंग सपाट होतो, आणि ही चूक सैल पट्ट्याइतकीच नेहमीची आहे.

आता धावण्याबद्दल. धावणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात धावताना हृदयाचे ठोकेही त्याच घरात असतात, त्यामुळे नुसता बँडपास तेथे निरुपयोगी ठरतो. हालचाल मोजणाऱ्या अॅक्सेलरोमीटरचे तिन्ही अक्ष संदर्भ म्हणून घेऊन नॉर्मलाइज्ड एलएमएस (संदर्भ सिग्नलच्या ताकदीप्रमाणे स्वतःचा वेग सांभाळणारा एलएमएस) चालवावा. कालमनने माझ्या हाती विशेष काही लागले नाही. पावले आणि ठोके एकाच वारंवारितेवर आले, तर एलएमएस पावलांबरोबर नाडीही पुसून टाकतो. अशा वेळी आकडा न दाखवणे हेच प्रामाणिकपणाचे, आणि नेमके हेच आमच्या गटप्रमुखांना कधी पटले नाही, कारण रिकामा पडदा त्यांना अपयश वाटे.

त्यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, की पुढे त्यांनी नमुन्यांचा वेग ३३ वरून २५ वर आणला आणि टॉवेलची नाडी खरोखरच थांबली. १०० ला २५ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे लुकलुक जवळजवळ शून्य हर्ट्झवर येऊन पडते आणि बँडपास तिला सहज कापतो. याचे श्रेय त्यांनी फिल्टरला दिले. परंतु झाडांच्या सावल्यांतून हात हलवत चालणाऱ्याच्या मनगटावर पडणारा ऊनसावलीचा खेळ त्या बदलाने थांबत नाही. तो नाडीच्याच वारंवारितांत येतो आणि त्याला वजाबाकीच लागते.

माझा हा अनुभव सुट्या भागांतून बनवलेल्या सर्किटचा आहे. आजच्या अनेक तयार चिपमध्ये बाहेरच्या प्रकाशाची वजाबाकी आतच होते, आणि जेथे वीज ६० हर्ट्झची आहे तेथे वरचे गणित १२० धरून करावे लागेल. आपल्या उपकरणात एलईडी बंद असतानाचा नमुना घेतला जातो का आणि सेकंदाला नमुने किती, हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते कळवल्यास एलएमएसच्या पायरीच्या आकाराबद्दल, म्हणजे त्याने किती झपाट्याने जुळवून घ्यावे याबद्दल, पुढे बोलता येईल.