कॅलिफोर्नियात ज्युरीने मारहाणीत दोषी ठरवलं, तर अपिलात साक्षी पुन्हा होतात का?

तुम्ही विचारलंय की सॅन होझेत बारबाहेरच्या मारामारीवरून भावाला ज्युरीने दोषी ठरवलं, फिर्यादी धडधडीत खोटं बोलला, मग अपिलात त्याची उलटतपासणी पुन्हा घेता येईल का.

नाही घेता येणार. आपल्याकडे भारतात सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात गेलं की न्यायमूर्ती सगळा पुरावा स्वतः नव्याने तपासू शकतात, म्हणून घरचे फोनवर तसंच सांगत असतील. इथे कोण खरं बोलतंय हे ज्युरी ठरवते आणि अपील कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. ‘पुरावा अपुरा होता’ हा मुद्दा घेता येतो, पण तो पुरावा सरकार पक्षाला अनुकूल अशाच नजरेने वाचला जातो. एका साक्षीदाराची साक्षही पुरते.

आधी मुदत सांभाळा. फेलनी (गंभीर गुन्हा) असेल तर ६० दिवस, मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा) असेल तर ३०, आणि तेही शिक्षा सुनावल्यापासून. नोटीस ऑफ अपील, म्हणजे अपील करत असल्याची लेखी सूचना, खटला चालला त्याच कोर्टात द्यायची. त्यात कारणं लिहावी लागत नाहीत, त्यामुळे वकील ठरेपर्यंत थांबू नका. फेलनीत ऐपत नसेल तर अपिलासाठी कोर्ट वकील नेमून देतं.

मी अपिलं लढवणाऱ्या एका वकिलांकडे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे खटल्याची शब्दशः नोंद, वाचायचं काम करते. फिर्यादीच्या साक्षीपेक्षा माझा जास्त वेळ दोन ठिकाणी जातो. एक, जजने ज्युरीला दिलेल्या सूचना. स्वसंरक्षणाची सूचना (कॅलक्रिम, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फौजदारी खटल्यांच्या ठरीव सूचना, त्यातली क्र. ३४७०) वकिलाने मागितली, तिला पुरेसा आधार होता आणि तरी जजने नाकारली, तर मुद्दा दमदार. दुसरं, सरकारी वकिलाचं शेवटचं भाषण. ‘आरोपी स्वतः साक्षीला का आला नाही?’ असं तो ज्युरीला म्हणाला असेल, तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६५च्या ग्रिफिन निकालाप्रमाणे ते चालत नाही. पण लगेच खालच्या ओळीत आपल्या वकिलाचं ‘ऑब्जेक्शन’ दिसायला हवं. ते नसलं की बहुतेक वेळा मुद्दा गेला! चूक सापडली तरी तिच्यामुळे निकालात फरक पडला असता का, हे कोर्ट बघतंच, आणि बरीचशी अपिलं तिथेच अडतात.

नवा व्हिडिओ किंवा नवा साक्षीदार मिळाला असेल, तर तो अपिलात चालत नाही. त्यासाठी हेबियस कॉर्पसचा (कैद बेकायदा आहे असं सांगणारा) वेगळा अर्ज करावा लागतो. आणि जिंकलात तरी भाऊ लगेच सुटला असं धरू नका. सूचना चुकल्या असतील तर खटला बहुधा पुन्हा चालतो, पुरावाच अपुरा ठरला तर मात्र पुन्हा चालवता येत नाही.

भाऊ व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असेल, तर याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलालाही गाठा. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा एक वर्ष किंवा जास्त असली, मग ती स्थगित का असेना, तर डिपोर्टेशनचं प्रकरण अपिलाहून अवघड होऊन बसतं.