विहिरीत पेट्रोल अन् रिपोर्टमध्ये सगळं ‘ओके’

ताई, तुमचं प्रकरण थोडक्यात असं: दक्षिण नागपुरात घरची विहीर, कंपाउंडला लागून पेट्रोल पंप, जुलैपासून पाण्याला पेट्रोलचा वास अन् बादलीवर रंगीत तवंग. तुम्ही पाणी लॅबला दिलं, रिपोर्ट आला ‘पिण्यायोग्य’, अन् आता पंपवाला तोच कागद गल्लीभर दाखवत फिरतोय.

आधी हे ऐका, पाणी पिणं तर बंदच, पण त्या विहिरीवरची मोटरही लावू नका अन् गाळ काढायला माणूस तर अजिबात उतरवू नका. आत वाफ साचलेली असते, एक ठिणगी पुरे.

आता तो रिपोर्ट. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला, पीएच, टीडीएस, हार्डनेस, कोलिफॉर्म, बस्स! पेट्रोलमधलं बेंझीन तपासलंच नाही तर सापडेल कुठून? त्यात सॅम्पल नेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत, तेही अर्धं, दोन दिवस स्कूटीच्या डिक्कीत. बेंझीन, टोल्युइन हे उडून जाणारे प्रकार आहेत, त्यांना 40 मिलीची काचेची बाटली लागते, काठोकाठ भरलेली, झाकण लावून उलटी केली तर एक बुडबुडा दिसता कामा नये, अन् न्यायची बर्फाच्या डब्यात. लॅबला लेखी सांगा की बीटीईएक्स (बेंझीन, टोल्युइन अन् त्यांची भावंडं), टीपीएच (पेट्रोलियमचे एकूण घटक) अन् मिनरल ऑइल तपासायचं आहे. मिनरल ऑइलची मर्यादा आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे.

पण खाजगी लॅबवर थांबू नका. सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज द्या अन् पोच घ्या. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 खाली मंडळाला विहिरीचं सॅम्पल घेता येतं. समोरचा वकील म्हणेल नोटीस नाही, सॅम्पलचे दोन भाग नाही, सील नाही, म्हणून रिपोर्ट पुरावा नाही. ती कडक अट सांडपाण्याच्या सॅम्पलला आहे, विहिरीच्या पाण्याला नाही. तरी आपण सील, दोन पंचांच्या सह्या, बाटली कोणाच्या हातातून कोणाकडे गेली त्याची नोंद, सगळं करूनच घ्यायचं, वादाला जागाच कशाला.

खरी अडचण पुढे आहे. विहिरीत पेट्रोल निघालं म्हणून ते त्याच पंपाचं, असं कोर्ट लगेच मानत नाही, मागच्या गल्लीत गॅरेज असेल तर पंपवाला बोट तिकडेच दाखवणार. म्हणून शेजारच्या दोन-तीन विहिरींचं सॅम्पलही त्याच दिवशी घ्या अन् टेपने प्रत्येकीची पाणीपातळी लिहून ठेवा, पाणी कुठून कुठे सरकतंय ते त्यावरून कळतं. पंपाला लायसन्स देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोल अन् स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, तिथंही तक्रार टाका, टाकीची टेस्टिंग मागा. रोजच्या डिपचं, म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे त्या मोजणीचं रजिस्टर मात्र पंपवाला मागितलं तरी देणार नाही, ते राष्ट्रीय हरित लवादाकडूनच (एनजीटी) मागवावं लागेल.

हो, दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा नका टाकू, एनजीटी कायद्याचं कलम 29 आडवं येतं. अर्ज एनजीटीच्या पुण्याच्या खंडपीठाकडे. भरपाई अन् विहीर पूर्ववत करून मागायला कलम 15 खाली पाच वर्षं आहेत, पण नुसता वाद कलम 14 खाली नेला तर सहा महिनेच, फार तर वर 60 दिवस, तेही कारण पटलं तर. तुम्ही वास जुलैपासून म्हणता, म्हणजे जानेवारीपर्यंतच. तारखेचा एखादा पुरावा, व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवलेला तवंगाचा फोटो असला तरी तो डिलीट करू नका, अन् फोनही बदलू नका सध्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट त्याच फोनवरून करावं लागेल.